सुपरहिरोंच्या जुन्या पिक्चरांवर पॉडकास्ट काढायचाय? खान्देशातल्या नवख्यांसाठी सुरुवातीपासून

"पॉडकास्ट काढायचाय, माईक कोणता घेऊ?" नवखा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. माईक हजार रुपयांच्या आसपास मिळून जातो. खरी अडचण रेकॉर्डिंगच्या दहाव्या मिनिटाला येते, जेव्हा पिक्चरची गोष्ट सांगून संपलेली असते आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

सुपरहिरोंवरचे पॉडकास्ट इंग्रजीत ढिगाने आहेत. त्यांच्याकडे स्टुडिओ आहेत, कॉमिक्सने भरलेली कपाटं आहेत, मोठमोठ्यांच्या मुलाखती आहेत. चोपड्यात किंवा दोंडाईच्यात बसून त्यात त्यांच्याशी बरोबरी होणार नाही, आणि करूही नये. हे पिक्चर आपल्या तालुक्यात कसे पोचले, किती उशिरा पोचले, कोणत्या भाषेत, कोणाच्या घरच्या टीव्हीवर, हे मात्र त्यांच्याकडे नाही. तुमचा पॉडकास्ट त्याच्यावर उभा करा. बाकी सगळी तयारी त्याच्या मागून.

आधी "तेव्हा" आणि "आता" वेगळं करा

नवीन पिक्चर लागला की लगेच बोलणं म्हणजे परीक्षण. मागे वळून बघायचं तर काळ दोन लागतात: पिक्चर आला तेव्हाचा, आणि आज पुन्हा पाहिला तेव्हाचा. आपल्याकडे त्यातल्या "तेव्हा"लाही दोन पत्ते आहेत. एक अमेरिकेतला किंवा मुंबईतला, दुसरा आपल्या गावातला. या दोन पत्त्यांमध्ये कधी कधी वीस-वीस वर्षांचं अंतर असतं, आणि चांगला भाग तिथेच सापडतो.

उदाहरण घ्या. ख्रिस्तोफर रीव्हचा 'सुपरमॅन' 1978 चा, दिग्दर्शक रिचर्ड डॉनर. मूळ पात्र तर 1938 च्या कॉमिकमधलं, जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघांनी घडवलेलं. पण 1990 च्या सुमारास एरंडोल-पारोळ्याकडे जन्मलेल्या पोराने आधी काय पाहिलं? 1997 पासून दूरदर्शनवर 'शक्तिमान'. मग 'स्पायडर-मॅन', बहुतेक वेळा हिंदीतून. आणि 1978 चा सुपरमॅन पाहिला तो पार मोठेपणी, मोबाईलवर. म्हणजे त्याच्यासाठी क्रमच उलटा. सुपरमॅनचं साध्या माणसाचं रूप म्हणजे चष्मा लावून वर्तमानपत्राच्या कचेरीत गडबडणारा क्लार्क केंट. त्याला पाहून या पोराला वाटतं, हा तर 'शक्तिमान'मधला आपला गंगाधर! कोणी कोणावरून घेतलं हे तुम्ही नीट सांगालच, पण हा उलटा क्रम दाबून टाकू नका. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या माणसाला हे सुचणार नाही.

घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांचा क्रम आणखी वेगळा निघेल. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्स 1964 ला सुरू झाल्या आणि मराठीतही निघायच्या. त्यातला 'वेताळ' म्हणजे ली फॉकचा फँटम. हा 1936 चा, म्हणजे सुपरमॅनच्याही आधीचा. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर पट्टी, आणि अंगात दैवी शक्ती म्हणाल तर शून्य. तुमच्या आजोबांचा सुपरहिरो तो असेल, तर पहिल्या भागात त्यांना बसवा. पुस्तकी माहितीपेक्षा ती दहा मिनिटं जास्त ऐकली जातील.

पिक्चर निवडताना

सगळ्यात मोठा मोह मार्व्हलची मालिका क्रमाने घेण्याचा. 2008 च्या 'आयर्न मॅन'पासून 2019 च्या 'एंडगेम'पर्यंत 22 पिक्चर होतात. पंधरवड्याला एक भाग धरला तरी दहा महिने गेले, आणि मधले काही पिक्चर असे आहेत की त्यांच्यावर पंधरा मिनिटं बोलणंही जड जातं. नोकरी किंवा शेती सांभाळून हे करणारी जोडी तिथेच गळते. पहिल्या हंगामाला सहा ते आठ पिक्चर बस झाले, तेही वेगवेगळ्या जातकुळीचे.

माझ्या मते सुरुवात 'मिस्टर इंडिया'ने करावी. 1987 चा, शेखर कपूरचा, सलीम-जावेद जोडीच्या लेखणीतला. घरातल्या सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे गोष्ट सांगण्यात वेळ जात नाही. शिवाय बोलायला भरपूर: या सुपरहिरोला ना पोशाख ना उडणं, मनगटावरचं एक यंत्र आणि लाल प्रकाशात दिसण्याची अडचण, एवढंच. बाकी भाड्याचं घर, रेशन आणि पोरांचा गोतावळा. परकीय कॉमिकमध्ये न सापडणारा हा मामला आहे.

'क्रिश' (2006) घेतलात तर एक सांभाळा. "भारताचा पहिला सुपरहिरो" असं त्याच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं. पण 1985 ला जॅकी श्रॉफचा 'शिवा का इन्साफ' येऊन गेला होता, तोही थ्रीडीमध्ये; मग मिस्टर इंडिया, मग 1988 चा 'शहेनशाह', मग शक्तिमान. "पहिला" हा शब्द तोंडातून गेला की कुठल्या तरी गावचा जाणकार तुम्हाला पकडणारच. तो शब्द शक्यतो वापरूच नका. मराठीतही 2015 ला श्रेयस तळपदेचा 'बाजी' आला होता, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतं. हंगामात एक जागा त्याला द्यायला हरकत नाही.

पडलेले पिक्चर टाळू नका. त्यांच्यावर भाग उलट जास्त रंगतात. 1987 चा चौथा सुपरमॅन बघा: निर्मात्यांनी बजेट कापलं आणि उडण्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवला, हे साध्या डोळ्यांना दिसतं. किंवा 1997 चा 'बॅटमॅन अँड रॉबिन'. तो असा आपटला की पडद्यावर पुढचा बॅटमॅन यायला 2005 उजाडलं. ख्रिस्तोफर नोलनने ती गाडी रुळावर आणली. 2008 च्या 'डार्क नाईट'मधल्या जोकरसाठी हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. तो भाग कराच, पण पहिला नको. त्याच्यावर सगळे बोलून बसलेत, तुमचा आवाज बसल्यावर घ्या.

2021 चा मल्याळम 'मिन्नल मुरली' मी मुद्दाम सुचवतो. केरळातल्या खेड्यातला शिंपी, अंगावर वीज पडते, शक्ती येते. आणि तीच वीज गावातल्या दुसऱ्या एकावरही पडलेली असते. जगबिग वाचवण्याची भानगड नाही, गाव वाचवायचं. शहादा-तळोद्याकडच्या ऐकणाऱ्याला हा अव्हेंजर्सपेक्षा जवळचा वाटतो.

आणि हंगामाचा शेवट मालेगावने करा. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात, पण आजूबाजूच्या खेड्यांत अहिराणी ऐकू येते, धुळ्याशी रोजची ये-जा आहे. तिथे नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला, आणि पुढे स्वतःचा सुपरमॅन. पडद्यावर उडणारा शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा हडकुळा माणूस. ही खटपट फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपली, आणि 2025 ला रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात आला. यावर बोलताना एकच पथ्य: हसण्यावारी नेऊ नका. "गरिबांचा सुपरमॅन" छाप टिंगल खूप झाली. हिरवं कापड लावून माणूस उडवायचा कसा, हा प्रश्न त्यांनी जसा सोडवला त्याची तांत्रिक उकल करा. ऐकणाऱ्याला त्यातलं जास्त कळतं आणि जास्त आवडतं.

एका भागाची तयारी: 'स्पायडर-मॅन' (2002)

पिक्चर दोनदा पाहायचा. पहिल्यांदा वहीपेन न घेता, शक्यतो ज्यांच्याबरोबर तेव्हा पाहिला असता त्यांच्याच बरोबर. भाऊ, चुलत भाऊ, शेजारचा. ते मध्येच काय बोलतात तिकडे कान ठेवा. दुसऱ्यांदा एकट्याने, वही घेऊन, थांबवत थांबवत. वहीचं पान उभं तीन भागांत दुमडा: पहिल्यात मिनिट, दुसऱ्यात काय दिसलं, तिसऱ्यात प्रश्न. दृश्याचं वर्णन लिहू नका, प्रश्न लिहा. पीटरच्या बोटांच्या टोकांना बारीक काटे फुटतात आणि तो भिंत चढायला लागतो, तिथे "भारी सीन" लिहून उपयोग नाही. "एवढं जवळून का दाखवलं? पुढच्या पिक्चरांत हे कुठे गेलं?" असं लिहा. बोलताना वही उघडली की जीभ आपोआप सुटते.

मग पार्श्वभूमी. हे पात्र ऑगस्ट 1962 च्या 'अमेझिंग फँटसी'च्या 15 व्या अंकात आलं. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. कॉमिकमधला पीटर जाळं फेकायचं यंत्र स्वतः बनवतो, सॅम रेमीच्या पिक्चरमध्ये जाळं थेट मनगटातून निघतं. यावर त्या वेळी चाहत्यांत बरीच वादावादी झाली, आणि तुमच्या दोघांतही होईल. होऊ द्या, तो वाद भागात ठेवा. पिक्चरच्या एका सुरुवातीच्या जाहिरातीत जुळ्या मनोऱ्यांच्या मध्ये जाळं ताणलेलं होतं. 11 सप्टेंबर 2001 नंतर ती मागे घ्यावी लागली. अमेरिकेत पहिल्याच शुक्रवार ते रविवारच्या आठवडाअखेरीला दहा कोटी डॉलरच्या पुढे जाणारा हा पहिला पिक्चर.

"स्पायडर-मॅन सोनीकडे आणि बाकीचे मार्व्हलकडे, असं का?" हे ऐकणारा हमखास विचारतो. मार्व्हल कंपनी 1996 च्या शेवटी दिवाळखोरीत गेली होती. त्याच्या आगेमागे, त्याच दशकात पिक्चर काढायचे हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना गेले, स्पायडर-मॅन सोनीकडे, एक्स-मेन फॉक्सकडे. पडत्या वर्षांत शेत मक्त्याने द्यावं तसा हा व्यवहार: मुदतीत पेरलं नाही तर शेत मालकाकडे परत. म्हणून सोनीला ठरावीक काळाने पिक्चर काढावाच लागतो. डिस्नेने 2009 ला मार्व्हल घेतली आणि 2019 ला फॉक्सचा व्यवहार पुरा केला, त्यामुळे एक्स-मेन घरी आले, स्पायडर-मॅन मात्र अजून सोनीकडेच. एवढं दोन मिनिटांत सांगा आणि पुढे व्हा. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत रमलात की ऐकणारा निघून जातो.

आता आपला पत्ता. इकडे हा हिंदीतून पोचला. 2007 चा तिसरा भाग तर भोजपुरीतही डब झाला होता. आणि 2023 च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशनपटात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन आला, तेव्हा भारतात तो दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. या धाग्यावर अर्धा भाग उभा राहतो: स्पायडर-मॅन तुमच्याशी आधी कोणत्या भाषेत बोलला, आणि मूळ इंग्रजी ऐकल्यावर तो परका वाटला का?

आठवणी गोळा करताना घरात आणि पारावर चार-पाच जणांना सरळ विचारा: कुठे पाहिला, कोणाबरोबर, पैसे कोणी दिले, दुसऱ्या दिवशी पोरांनी कोणती नक्कल केली. शेवटच्या प्रश्नाला माणूस खुलतो. टॉवेल गळ्याला बांधून धाब्यावरून उडी मारलेली, कोपर सोलपटलेलं, वरून आईचा मार खाल्लेला, असा एक तरी निघतोच. मात्र आठवणीतल्या सालावर विश्वास ठेवू नका. कोणी छातीठोक सांगेल की 2000 ला केबलवर स्पायडर-मॅन पाहिला. पिक्चरच 2002 चा आहे. त्याची आठवण ठेवा, साल तुमच्या आवाजात दुरुस्त करा, आणि ते हसत करा, त्याचा पोपट करू नका.

संपूर्ण संहिता लिहून वाचलीत तर आवाजात लगेच कळतं. एका पानावर मुद्दे, आकडे आणि नावं, बस. चाळीस मिनिटांच्या भागात पहिली दोन मिनिटं कोणाच्या तरी आठवणीची, पुढची पाच-सात पिक्चर कसा बनला याची, मग मधला सगळा वेळ चार-पाच दृश्यांना. शेवटची दहा मिनिटं "आज काय टिकलं, काय नाही" याला. जुना पिक्चर आहे, शेवट फोडल्याचा बाऊ करू नका. सुरुवातीला एकदा सांगून टाका.

जोडीदार आणि बोली

एकट्याने बोलणं अवघड असतं, दोघं बरे, चौघं म्हणजे गोंधळ. जोडीदार तुमच्याशी सगळ्यात सहमत असेल तर बदला. वयात अंतर असेल तर सोन्याहून पिवळं: पंचविशीतला भाचा आणि पन्नाशीतले नाना एकत्र बसले की "तेव्हा" आणि "आता" आपसूक समोरासमोर येतात. घरी ज्या नावाने हाक मारता त्याच नावाने माईकवर मारा. नानांना अचानक "सर" म्हणायला लागलात की दोघंही अवघडतात.

बोलीचा न्यूनगंड नको. पश्चिमेला अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, जळगाव शहरात सगळ्याची मिसळ. जसं बोलता तसं बोला.

"भो, तू हाऊ पिक्चर कोठे दखा व्हता?"

"मामाना घर. टीवीवर."

एवढ्या दोन वाक्यांत ऐकणारा घरात येऊन बसतो. फक्त अहिराणी विनोदापुरती आणि गंभीर मुद्दा आला की पुस्तकी मराठी, अशी वाटणी करू नका. नोलनच्या पटकथेवरही अहिराणीत बोलता येतं. पिक्चरचं नाव, साल आणि माणसांची नावं मात्र सावकाश, स्पष्ट उच्चारा. पुण्या-मुंबईत गेलेले आपले लोकही ऐकत असतात आणि त्यांना ती शोधायची असतात.

रेकॉर्डिंग

दोन मोबाईल, दोन वायरचे कॉलर माईक. प्रत्येकाचा आवाज स्वतःच्या मोबाईलमध्ये. एकाच माईकवर दोघं बोललात तर नंतर एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यातून काढता येत नाही. फाईल वेव्ह (WAV) प्रकारात ठेवा, 44.1 किलोहर्ट्झ, मोनो म्हणजे एकपदरी आवाज. मिनिटाला साधारण 5 एमबी होतात, म्हणजे तासाला 300 च्या थोडं वर. मोबाईलमध्ये जागा आधीच करून ठेवा. दोन्ही मोबाईल फ्लाइट मोडवर. सुरू झाल्यावर दोघांच्या मध्ये एक खणखणीत टाळी वाजवा. एडिटिंगला दोन्ही फाईली त्या टाळीवर जुळवायच्या. टाळीनंतर अर्धा मिनिट गप्प बसा, म्हणजे खोलीचा नुसता आवाज फाईलमध्ये येतो. पुढे तो लागणार आहे.

माईक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. समोर धरलात तर फ, भ, ख यांचा फुत्कार बसतो, आणि आपल्या बोलण्यात ते कमी नाहीत. कॉलर माईक उपरण्याला किंवा ओढणीला लावू नका, घासतो. बोलताना मीटरची काडी उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान नाचली पाहिजे. हसताना लाल झाली तर पातळी खाली आणा.

आता खोली. फरशी आणि चुन्याच्या कोऱ्या भिंती असल्या की आवाज घुमतो. गाद्या, गोधड्या, चादरी भिंतीला टेकवा, खाली सतरंजी टाका. हिवाळ्यात भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवलेली खोली घरात असेल, तर तिच्यासारखा स्टुडिओ जळगावात पैसे देऊन मिळणार नाही. कापूस आवाज पिऊन टाकतो. फक्त दारापाशी बसा. आत कापसातले किडे अंगाला खाज आणतात आणि माईकसमोर खाजवण्याचा आवाज फार स्वच्छ येतो. हॅलोजन दिवा, उदबत्ती, विडी यांतलं काही त्या खोलीत न्यायचं नाही, हे सांगायला नको.

उन्हाळा हा आपला मुख्य शत्रू. कूलर चालू ठेवला तर आवाज मेला, बंद ठेवला तर माणूस मेला. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पहाटे पाच ते सात या वेळातच रेकॉर्डिंग, किंवा सरळ डिसेंबर-जानेवारीत चार-पाच भाग आधीच भरून ठेवायचे. मी दुसऱ्या पर्यायाचा माणूस आहे. पंखा तर कोणत्याच ऋतूत चालू नको. पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका. भुसावळला रेल्वेमार्गालगत राहणाऱ्यांनी गाड्यांच्या वेळा बघून बसायचा नाद सोडावा, गाडी येतेच. ती गेल्यावर वाक्य पुन्हा म्हणा आणि आधीचं कापा. लग्नसराईत संध्याकाळी डीजे असतो, तो कापता येत नाही.

जोडीदार पुण्यात असेल तर इअरफोन लावून फोनवर बोला, पण दोघांनी आपापला आवाज आपापल्या दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करून फाईल पाठवायची. फोन कॉलचंच रेकॉर्डिंग वापरलंत तर दहा मिनिटांपलीकडे कोणी ऐकत नाही.

एडिटिंग

ऑडॅसिटी हा संगणकावरचा फुकट प्रोग्रॅम पुरतो. क्रम असा: फाईली टाळीवर जुळवा. मग तो अर्ध्या मिनिटाचा शांत तुकडा निवडून नॉइज रिडक्शनला "हा गोंगाट" म्हणून दाखवा आणि सगळ्या ट्रॅकवर हलक्या हाताने लावा. जोरात लावलात की माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येतो. मग कापाकापी. मग कॉम्प्रेसर, म्हणजे नानांचं पुटपुटणं आणि भाच्याचं ओरडणं जवळ येतं. सगळ्यात शेवटी लाउडनेस, म्हणजे एकूण आवाज किती मोठा ते; तो एलयूएफएस (LUFS) या मापात मोजतात: स्टिरिओला उणे 16, मोनोला उणे 19. ही पातळी सांभाळली की एसटीत बसून ऐकणाऱ्याला सारखा आवाज वरखाली करावा लागत नाही.

काय कापायचं? एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितलेली. मोबाईलवर माहिती शोधत बसलेले क्षण. "अं", "म्हणजे काय की" सगळे कापू नका, बोलणं यंत्रासारखं होतं. वाद आणि हसू ठेवा. एमपी3 करताना मोनोला 96 केबीपीएस भरपूर. चाळीस मिनिटांची फाईल 30 एमबीच्या आत राहते. नेट कमी असलेल्या गावातल्या ऐकणाऱ्याला त्याचा फरक पडतो.

पिक्चरचा आवाज वापरायचा का?

इथे अफवा खूप. "दहा सेकंद चालतात", "तीस सेकंदांपर्यंत फुकट" असा कोणताही नियम कायद्यात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षेसाठी उचित वापराची मुभा आहे, पण "उचित" किती हे प्रकरणागणिक ठरतं. आणि कायद्याआधी यूट्यूबचं यंत्र तुम्हाला गाठतं. त्याला पार्श्वसंगीताचा तुकडा ओळखू आला की तक्रार आपोआप लागते. सगळ्यात सोपं म्हणजे पिक्चरचा आवाज वापरायचाच नाही. संवाद स्वतःच्या तोंडाने सांगा, नक्कल करा, ती जास्त मजेशीर होते. मुखपृष्ठावर पोस्टर किंवा सुपरमॅनचं चिन्ह टाकू नका, स्वतःचं चित्र काढून घ्या.

सुरुवातीच्या संगीताला इंटरनेटवरचा तोच तो घासलेला गिटार नको. नंदुरबारकडे पावरी वाजवणारे आहेत, संबळवाले सगळीकडे आहेत. दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा वाजवून घ्या, पैसे द्या, आणि "या पॉडकास्टसाठी वापरायला परवानगी" असं दोन ओळींत लिहून सही घ्या. नाव प्रत्येक भागात घ्या.

लोकांपर्यंत पोचवणं

हे काम लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. एका होस्टिंग सेवेवर खातं उघडायचं, तिथे फाईल चढवायची. ती सेवा आरएसएस फीड, म्हणजे तुमच्या भागांची आपोआप वाढत जाणारी यादी, तयार करते आणि तोच फीड स्पॉटिफाय, ॲपल, यूट्यूब अशा ठिकाणी एकदा जोडायचा. पूर्वी अँकर नावाने असलेली स्पॉटिफायची स्वतःची सेवा फुकट आहे. मुखपृष्ठ चौकोनी, कमीत कमी 1400 आणि जास्तीत जास्त 3000 पिक्सेल. त्यावरची अक्षरं मोबाईलच्या पडद्यावर नखाएवढ्या चौकोनातही वाचता आली पाहिजेत. भागाच्या नावात पिक्चरचं नाव आणि साल आधी, कोटी मागाहून.

सुरुवातीला तीन भाग तयार असल्याशिवाय पहिला चढवू नका. आणि वेळापत्रक आपल्या पंचांगाप्रमाणे आखा. पेरणीच्या पंधरवड्यात, पोळ्याला, श्रावणात कानबाईच्या रविवारी भाग येणार नाही हे आधीच सांगून टाका. उलट आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सोडू नका. माहेरी आलेल्या आत्या, बहिणी, मावश्या एका घरात सापडतात आणि त्यांच्या आठवणी कोणी विचारलेल्याच नसतात. मिस्टर इंडिया पाहायला कोणाबरोबर गेलात, घरी काय सांगून गेलात, एवढं विचारून मोबाईल मध्ये ठेवून द्या. रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी सांगा. नंतर त्यांचा तुकडा त्यांना ऐकवा, आणि एखादीने "हे काढ रे भाऊ" म्हटलं तर भांडत न बसता काढा.

ऐकणाऱ्यांना व्हॉइस मेसेज पाठवायला सांगणार असाल तर घरचा नंबर देऊ नका, त्यासाठी वेगळं सिम किंवा ईमेल ठेवा. आलेल्या प्रत्येक फाईलला लगेच नाव द्या: पिक्चर, गाव, महिना. हंगामाच्या शेवटी मालेगावचा भाग करायला बसाल, तेव्हा कोणता आवाज शिरपूरचा आणि कोणता पाचोऱ्याचा हे शोधण्यात रात्र जाणार नाही.